घड्याळजीच्या उजव्या डोळ्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो, पुढील पानांत एका घड्याळजीच्या उजव्या डोळ्यावर जो प्रसंग गुदरला, त्याची साद्यंत हकीकत यथामति सादर करीत आहे. या हकीकतीत युद्ध नाही, खून नाही, रक्ताचा एक थेंबही सांडत नाही. अश्रू मात्र विपुल सांडतात, आणि त्यांपैकी बहुतेक खोटे आहेत. ते खोटे कसे, हे योग्य स्थळी विदित होईल. दुसऱ्याच्या डोळ्यांचे वर्णन वाचून स्वतःचे डोळे चोळण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हात मांडीखाली ठेवून वाचावे, एवढीच आरंभी विनंती.

सदर घड्याळजी वयाने अडतीस, अंगाने किरकोळ आणि धंद्यात निष्णात होता. नगर कचेरीच्या मनोऱ्याच्या सावलीत त्याचे सहा बाय आठचे दुकान होते. मनोऱ्यावर चार तोंडांचे मोठे घड्याळ होते, आणि ते चार वर्षे पावणेतीनवर थांबलेले होते. हे थांबलेले घड्याळ त्याला मनस्वी लागत असे. येणारा-जाणारा म्हणे, "काय राव, डोक्यावरचं बंद आणि तुम्ही खाली दुकान थाटून बसलात?" ते घड्याळ त्याचे नव्हते, ते बंद पडण्यात त्याचा काडीचा दोष नव्हता; परंतु वैद्याच्या दारात प्रेत पडून राहिले तर लोक वैद्याकडेच बघतात.

अशा स्थितीत एके दिवशी कचेरीने जाहीर सूचना लावली की, मनोऱ्यावरील घड्याळ चालू करून तीन वर्षे सांभाळण्यासाठी कारागीर पाहिजे. घड्याळजीने ती सूचना उभ्याने दोनदा वाचली. दहा अटी त्याने छाती फुगवून वाचल्या. अकरावी अट अशी होती : "काम करणारी व्यक्ती चष्मा वापरणारी नसावी." घड्याळजीचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड होता. किंबहुना ती अट वाचण्यासाठीही तो त्याला नाकावर नीट बसवावा लागला होता.

घरी पत्नी म्हणाली, "अहो, एकदा आत जाऊन विचारून तर या, ही अट कशासाठी आहे ते."

"अट विचारायची नसते, पाळायची असते," घड्याळजी म्हणाला.

आणि त्याने लेझरने चष्मा घालविण्याचा निश्चय केला.

शस्त्रक्रियेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती दोन्ही डोळ्यांची मिळून अकरा मिनिटांत झाली. हे अकराचे माप घड्याळजीने मनातल्या मनात सेकंद मोजून घेतलेले असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी बजावले की, दर तासाला डोळ्यांत थेंब घालायचे, चोळायचे नाही, धुळीत आणि वाऱ्यात जायचे नाही, आणि पापण्या वारंवार मिटायच्या.

ही शेवटची सूचना ऐकून घड्याळजी चपापला. चोवीस वर्षांपूर्वी ज्या उस्तादांकडे तो हे काम शिकला, त्यांचा एकच धडा होता : पापणी लवली की स्क्रू गेला. घड्याळाची केसाहून बारीक कमान, म्हणजे स्प्रिंग, चिमट्यात धरली असताना डोळा मिटणे हा उस्तादांच्या राज्यात गुन्हा होता. इतरांची पापणी मिनिटाला पंधरा वेळा लवते म्हणतात. घड्याळजीची तीन वेळा लवे, आणि तीही गिऱ्हाईक भाव पाडू लागले तर. हा गुण कमवायला त्याला सहा वर्षे लागली होती. आता तोच अवगुण ठरला.

पहिले चार दिवस स्वर्गसुखाचे गेले. समोरच्या इमारतीवरचे कबुतर कोणत्या पायावर उभे आहे हेही त्याला दिसू लागले. पाचव्या दिवशी तो दुकानात बसला, उजव्या डोळ्याला भिंग लावले, आणि डोळ्यात कोणी मूठभर रेती टाकावी तसे झाले. मग घळाघळा पाणी वाहू लागले.

त्या वेळी समोर एक सेवानिवृत्त मास्तर बसले होते. त्यांचे मनगटी घड्याळ नुसते मागे पडत होते. घड्याळजीने मागचे झाकण उघडले, आत पाहिले, आणि त्याच्या गालांवरून दोन धारा खाली आल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. "एवढं वाईट आहे का हो?"

"नाही, नाही. तेल सुकलंय फक्त."

"खरं सांगा. मी ऐकून घेईन. मागच्या वर्षी माझा भाऊ गेला, तेव्हाही डॉक्टरांनी आधी काही सांगितलं नव्हतं."

"मास्तर, घड्याळ ठीक आहे. माझे डोळे कोरडे पडलेत."

मास्तरांनी त्याच्या ओल्या गालांकडे पाहिले, घड्याळ उचलले आणि रुमालात गुंडाळले. "राहू द्या. आहे तसं वापरेन, जितके दिवस चालेल तितके दिवस," असे म्हणून ते निघून गेले. त्या आठवड्यात अशी पाच गिऱ्हाइके गेली. एका बाईंनी तर जाताना घड्याळजीच्या खांद्यावर हात ठेवून त्याचेच सांत्वन केले.

डॉक्टर बाईंनी खुलासा केला तो असा. डोळ्याला ओलावा देणारे चांगले पाणी वेगळे, आणि डोळा कोरडा पडून टोचू लागला की घाबरून वाहणारे पाणी वेगळे. हे दुसरे पाणी कितीही वाहिले तरी डोळा कोरडाच. शस्त्रक्रियेनंतर काही महिने असे होऊ शकते. थेंब घालत राहा, पापण्या मिटत राहा.

घड्याळजी काळजीने निम्मा झाला. त्याने दुकानातील सात गजराची घड्याळे काढली आणि प्रत्येकाला पुढच्या पुढच्या तासाचा गजर लावला. गजर होताच तो हातातले काम टाकून थेंब घालू लागला. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलेले आठवे घड्याळ आपल्या मनाने वाजले, आणि घड्याळजीने इमानेइतबारे त्याचेही थेंब घातले.

अडलेल्या माणसाला सल्ल्याचा तुटवडा पडत नाही. वरच्या मजल्यावरील काकू जिन्यात अडवून म्हणाल्या, "मध घाला. एक थेंब. आधी आग होईल, मग बरं वाटेल."

"काकू, आग तर आत्ताही होतेच आहे."

"मग अर्धं काम झालंय म्हणायचं."

त्याचा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, विमा विकत असे आणि ज्या विषयाचे ज्ञान नाही त्यातच आत्मविश्वासाने बोलत असे. तो म्हणाला, "भावोजी, रोज अर्धा तास कांदा चिरा. नैसर्गिक पाणी येईल."

"अरे, पाणी येतंय, तोच तर त्रास आहे."

"ते खोटं पाणी. कांद्याचं खरं असतं."

शेजारच्या गाळ्यातील कुलूपवाला कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने फक्त एवढेच म्हटले, "माझ्या एका चुलत्याचं असंच झालं होतं." पुढे काय झाले ते त्याने सांगितले नाही, आणि विचारण्याची घड्याळजीची छाती झाली नाही. ती रात्र त्याने त्या चुलत्याच्या चिंतेत काढली.

येथवर जे झाले ते दैवाचे म्हणता येईल. आता जे सांगावयाचे आहे ते घड्याळजीने स्वतःच्या हाताने केले, आणि घड्याळजीवाचून दुसऱ्या कोणाला ते सुचलेही नसते.

तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी उजव्या डोळ्यात काहीतरी खुपू लागले. डोळा चोळायचा नाही हे त्याला पाठ होते, आणि त्याने चोळला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्याने विचार केला की, घड्याळाच्या यंत्रात कण गेला तर आपण काय करतो? बोट लावतो का? नाही. रबरी फुग्याच्या पंपाने हवा मारतो. ही पद्धत लाखमोलाच्या यंत्रांना चालते, तर डोळ्याला का चालू नये? त्याने डाव्या डोळ्याला भिंग लावले, समोर छोटा आरसा ठेवला, उजवी पापणी दोन बोटांनी वर धरली, आणि पंपाची नळी डोळ्याजवळ नेऊन सफाईदारपणे फुगा दाबला.

त्या फुग्यात कित्येक वर्षांच्या घड्याळांची पितळी धूळ साठलेली होती. ती सर्व बाहेर आली. त्याच क्षणी आठ वाजताचा म्हणून लावलेला गजर चुकून तीन वाजताच कोकलला, घड्याळजी दचकला, आणि नळीचे टोक बुबुळावर टेकले. डोळ्यांपुढे काजवे चमकतात असे आपण सहज म्हणतो. त्या दिवशी त्याला काजव्यांच्या पलीकडचे काहीतरी दिसले.

पत्नी त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत ती एवढेच म्हणाली, "फुगा?" आणि थोड्या वेळाने पुन्हा, "डोळ्यात?"

डॉक्टर बाईंनी डोळ्यात पिवळे औषध घातले आणि निळा दिवा लावून पाहिले. "बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्यावर ओरखडा आहे," त्या म्हणाल्या. "चांगला लांब आहे."

काच आणि ओरखडा हे दोन शब्द कानी पडताच घड्याळजीला थोडा धीर आला. हा त्याचा विषय होता. "पॉलिश करून जाईल का?" त्याने विचारले.

"नाही."

"मग काच बदलता येते का?"

"येते. पण ती मेलेल्या माणसाची असते."

घड्याळजीने आपली खुर्ची दोन बोटे मागे सरकवली. डॉक्टर बाईंना आपण जरा जास्त बोललो असे वाटले असावे. त्या सौम्यपणे म्हणाल्या, "तितकी वेळ येणार नाही. हा आपोआप भरेल. पण डोळा कोरडा आहे, म्हणून जपायचं. रात्री पापणी आतून चिकटते, आणि सकाळी झटकन उघडली की भरलेली जागा पुन्हा सोलते. असं वारंवार झालं तर मधोमध डाग राहील. मग बारीक काम जमणार नाही."

बारीक काम. घड्याळजीला दुसरे कोणते काम येत होते? कामासाठी भिंग त्याने जन्मभर उजव्या डोळ्यालाच लावले होते. डाव्या डोळ्याने त्याला घड्याळात फक्त किती वाजले एवढेच कळे, आणि तेवढ्याचे कोणी पैसे देत नाही.

बुबुळावर पट्टीसारखे एक मऊ संरक्षक भिंग, म्हणजे लेन्स, बसविण्यात आले, औषधे बदलली, आणि आठ दिवसांनी ते भिंग काढले. दुसऱ्याच दिवशी सकाळी गजर वाजल्याबरोबर घड्याळजीने सवयीने डोळे उघडले आणि किंचाळून पुन्हा मिटले. भरलेली जागा पुन्हा सोलली होती. पंधरा दिवसांनी तेच तिसऱ्यांदा झाले. डॉक्टर बाईंनी या वेळी निळा दिवा जरा जास्त वेळ लावून ठेवला. "आता चौथ्यांदा नको," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरातील गजर बंद झाले. रात्री पत्नी त्याच्या डोळ्यात मलम भरी. सकाळी जाग आली तरी डोळे मिटूनच पडून राहायचे, अशी आज्ञा होती. मग ती येई, पापणीच्या कडेने थेंब सोडी, शंभरपर्यंत मोजी, आणि "आता हळू" असे म्हणे. साऱ्या गावाला वेळ सांगणारा मनुष्य स्वतःची सकाळ केव्हा झाली यासाठी बायकोच्या परवानगीची वाट पाहू लागला. झोपही त्याला नीट लागेना, कारण झोपेत चुकून डोळा उघडला तर काय, ही भीती. डोळा मिटून झोपावे तर तो केव्हा उघडेल हे कळणार नाही, आणि उघडला तर सोलणार, अशा कात्रीत सापडलेला मनुष्य क्वचितच पाहावयास मिळतो.

तथापि महिना सव्वा महिना या रीतीने पार पडला, आणि चौथ्यांदा काही झाले नाही. चष्मा लागत नसल्याचा डॉक्टरी दाखला कचेरीत देण्याची अखेरची तारीख जवळ आली. डॉक्टर बाईंनी छापील नमुन्यावर लिहून दिले : "दृष्टी उत्तम. चष्म्याची गरज नाही. मात्र वाऱ्यात व धुळीत चारी बाजूंनी बंद असा चष्मा वापरणे आवश्यक."

घड्याळजी आणि पत्नी कचेरीत गेले. खिडकीमागे एक कारकून बाई बसल्या होत्या. त्या दाखला वाचत असतानाच भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. दर तासाला वीस वेळा पापण्या घट्ट मिटून उघडायच्या, असा घड्याळजीचा नवा पाठ होता, आणि वेळेच्या बाबतीत तो हयगय करणारा नव्हता. त्याने सुरुवात केली.

बाईंनी मान वर केली. "काय चाललंय हे?"

"पापण्या मिटतोय."

"ते दिसतंय मला. माझ्याकडे बघून कशाला?"

"दर तासाला वीस. डॉक्टरांनी सांगितलंय. आत्ता सात झाल्या."

"उरलेल्या तेरा तिकडे भिंतीकडे बघून करा."

घड्याळजीने भिंतीकडे तोंड करून तेरा पुऱ्या केल्या. रांगेतील लोक त्याच्याकडे पाहत होते. चारचौघांत अब्रूने वावरलेल्या माणसाला भिंतीपुढे उभे राहून डोळ्यांची उघडझाप करावी लागणे, हा प्रसंग वाटतो तितका लहान नाही.

तो वळला तेव्हा बाई म्हणाल्या, "इथे लिहिलंय, चष्म्याची गरज नाही. खाली लिहिलंय, चष्मा आवश्यक. एकाच माणसाबद्दल आहे ना हे?"

"हो, माझ्याबद्दलच."

"मनोऱ्यावर वारा असतो."

"असतो."

"म्हणजे वर जाताना तुम्ही चष्मा घालणार. आणि अकरावी अट चष्मा नको म्हणते."

घड्याळजीच्या पायांखालची फरशी सरकली. अडीच महिने, दोन डोळे आणि चार डझन बाटल्या थेंब वेचून तो जेथून निघाला होता तेथेच येऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते खरे होते की खोटे, हे या वेळी त्यालाही सांगता आले नसते.

बाई कठोर नव्हत्या. "रडू नका हो. साहेबांना विचारते," असे म्हणून त्या आत गेल्या, आणि साहेबांनाच बरोबर घेऊन आल्या. साहेबांनी दाखला वाचला. "अट चष्म्यासाठी नाही," ते म्हणाले, "डोक्यासाठी आहे. मागच्या कारागिराचा चष्मा वरून निसटला, तो खाली उभ्या असलेल्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात पडला. तीन टाके. त्याच दिवशी ही अट टाइप झाली. तुम्ही चष्म्याला दोरी बांधा आणि जा वर."

"दोरी बांधली की चालतं?" घड्याळजीने क्षीण स्वरात विचारले.

"आधीही चाललं असतं. कुणी विचारलंच नाही."

पत्नी शेजारीच उभी होती. ती एक अक्षरही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे घड्याळजीला पार घरापर्यंत ऐकू येत होते.

पुढच्या सोमवारी तो मनोऱ्यावर चढला. चारी बाजूंनी बंद चष्मा, चष्म्याला दोरी, दोरी गळ्यात. खाली पत्नी, मेहुणा आणि कुलूपवाला उभे होते. मेहुणा डोक्यावर पिशवी धरून होता. वर वारा असा होता की कान बधिर व्हावे. घड्याळजीने यंत्रातील काड्या आणि पिसे काढली, चाके पुसली, तेल दिले. सर्व यथास्थित झाले. शेवटी एक बारीक खीळ बसवायची राहिली, आणि नेमका त्याच वेळी श्वासाच्या वाफेने चष्मा आतून धुरकट झाला. त्याने दोनदा प्रयत्न केला. खीळ बसेना. खाली चार वर्षांचे टोमणे होते, वर बोटभर जागा होती. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, उजवा डोळा उघड्या वाऱ्यात धरला, आणि उस्तादांच्या शिकवणीप्रमाणे पापणी न लववता खीळ बसवली.

घड्याळ चालू झाले. खाली दोघांनी टाळ्या वाजविल्या. मेहुण्याचे हात पिशवीत गुंतलेले होते.

संध्याकाळी मलम भरताना पत्नी थबकली. "डोळा लाल झालाय. वर चष्मा काढला होता?"

"मिनिटभर."

"साठ सेकंदांचं मिनिट?"

"साठ. फार तर नव्वद."

तिने मलम भरले. "झोपा आता," एवढेच ती म्हणाली, पण तिचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ त्याच्या कपाळावर राहिला.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा पापणीच्या आत खरखरत होते, की तसे वाटत होते, हे ठरवता येईना. तो निपचित पडून राहिला. चौथ्यांदा नको, चौथ्यांदा नको, एवढेच त्याच्या मनात फिरत होते. दुकान, भिंग, चिमटा, सारे त्या एका पापणीच्या पलीकडे उभे होते. पत्नी आली. थेंबांचा गार स्पर्श झाला. तिने शंभर मोजले.

"आता हळू."

तो हलला नाही.

"अहो."

"अजून शंभर मोज."

तिने कुरकुर न करता आणखी शंभर मोजले, आणि या वेळी सावकाश मोजले. मग तिने त्याचा हात हातात घेतला. "आज ना उद्या उघडावाच लागणार आहे. मी आहे इथे."

घड्याळजीने आधी डावा डोळा उघडला. मग, एखाद्या नाजूक घड्याळाचे झाकण उचलावे तसा, केसाकेसाने उजवा.

काहीही झाले नाही.

त्याने पापणी मिटली, पुन्हा उघडली. काहीही झाले नाही. तिसऱ्यांदा मिटली, चौथ्यांदा, पाचव्यांदा. पत्नी काठावर बसून मोजीत होती, आणि वीस झाल्यावरही तिने त्याला थांबविले नाही.

वाचकहो, या हकीकतीत पुष्कळ गोष्टी घडल्या; परंतु सर्वांत मोठी गोष्ट ती, जी त्या सकाळी घडली नाही. आपण आपला अमूल्य वेळ आणि त्याहून अमूल्य डोळे खर्चून हे लिखाण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार मानतो. आता आपले हात मांडीखालून काढण्यास हरकत नाही.

आपला नम्र,
अण्णा बुकबाइंडर